ग्रीक देवांची वाटणी

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या नववीच्या वर्गाची सहल कोल्हापुरास गेली होती. तेथील टाउन हॉलमधील संग्रहालयांत एक लहानशी कांस्यमूर्ति आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४४-४५ च्या सुमारास जें खोदकाम झालें त्यांत ती हातीं लागली. मूर्ति पोसायडन नांवाच्या ग्रीक देवाची असून, इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत रोमन साम्राज्याशीं जो व्यापार चाले त्याच्या ओघानें ती पश्चिम किनाऱ्यावरील एखाद्या बंदरांत उतरून घाट चढून आली असावी, असें जाणते लोक मानितात. मुलें तिच्याभोंवतीं गोळा झालीं होतीं. इतक्यांत एका मुलानें विचारलें, “सर, पोसायडन तर समुद्राचा देव. मग जेथें समुद्र नाहीं त्या गांवांत तो कशाला आला?”

मुलें हंसलीं. मीहि हंसलों, आणि ‘व्यापाऱ्यांनीं आणला’ एवढें उत्तर देऊन पुढें चालूं लागलों. परंतु परतीच्या प्रवासांत तो प्रश्न कांहीं मनांतून जाईना. मुलाची त्यांत चूक नव्हती. मींच त्याला तसें शिकविलें होतें. दरवर्षीं प्राचीन ग्रीसचा धडा आला कीं मी फळ्यावर दोन रकाने आंखतों. डावीकडे देवाचें नांव, उजवीकडे त्याचें काम. झ्यूस म्हणजे आकाश व वीज, पोसायडन म्हणजे समुद्र, डिमीटर म्हणजे धान्य, आर्टेमिस म्हणजे शिकार, अपोलो म्हणजे सूर्य, आरेस म्हणजे युद्ध, हर्मीस म्हणजे दूत, आणि असेंच पुढें बारा पूर्ण होईपर्यंत. मुलें तो तक्ता वहींत उतरून घेतात, पाठ करितात आणि परीक्षेंत बारांपैकीं बारा गुण मिळवितात. मीहि लहानपणीं असाच तक्ता पाठ केला होता, व माझ्या गुरुजींनींहि बहुधा तो असाच पाठ केला असावा. हा तक्ता अगदींच खोटा आहे असें माझें म्हणणें नाहीं. तो अर्धा आहे, आणि जो अर्धा भाग गळाला आहे तो नेमका त्या देवांपुढें हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसांचा आहे. हेंच आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावयाचें आहे.

तक्त्याचें मूळ कोठें आहे हें प्रथम पाहूं. होमरच्या ‘इलियड’ ह्या महाकाव्याच्या पंधराव्या सर्गांत एक प्रसंग आहे. ट्रॉयच्या रणांगणांत पोसायडन ग्रीकांच्या बाजूनें उतरला आहे, आणि झ्यूस त्याला आयरिस ह्या देवदूतीकडून निघून जाण्याची आज्ञा पाठवितो. पोसायडन संतापतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा कीं, आम्ही एका बापाचे तिघे मुलगे. राज्याचे तीन वांटे झाले व चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. मला समुद्र आला, हेडीसला पाताळ आलें, झ्यूसला आकाश आलें. परंतु पृथ्वी आणि ऑलिंपस पर्वत हीं तिघांचींहि सामाईक राहिलीं आहेत, तेव्हां झ्यूसनें आपल्या वांट्यांत समाधान मानावें. अखेरीस तो वडील भावाचा मान राखून निघून जातो. तक्रार मात्र सोडीत नाहीं.

ज्यांनीं घरांतलीं वाटणीपत्रें पाहिलीं आहेत अशा पालकांस ह्या तक्रारींतलें मर्म लगेच कळेल. वाटण्या झाल्या तरी विहीर, वाट आणि अंगण सामाईक राहतें, आणि पुढें जीं भांडणें होतात तीं त्या सामाईक भागावरूनच. शाळेंतल्या तक्त्यानें वाटणीचा पूर्वार्ध उचलला आणि उत्तरार्ध टाकून दिला. पण माणसें आकाशांत राहत नाहींत, समुद्रांत राहत नाहींत, आणि पाताळांत मेल्यावांचून जात नाहींत. तीं पृथ्वीवर राहतात; म्हणजे जेथें कोणत्याहि एका देवाचा एकट्याचा ताबा नाहीं तेथें राहतात. तेव्हां ग्रीक मनुष्यापुढें ‘अमक्या गोष्टीचा देव कोण?’ हा प्रश्न क्वचितच असे. ‘आज, ह्या ठिकाणीं, माझ्या ह्या अडचणींत कोणाला प्रसन्न करूं आणि कोणाला विसरलों आहें?’ हा त्याचा प्रश्न होता.

इ.स.पू. पांचव्या शतकांतील इतिहासकार हिरॉडोटस यानें तर लिहूनच ठेविलें आहे कीं, ग्रीकांस देवांची वंशावळ, त्यांच्या पदव्या, त्यांचे मान, त्यांचीं कामें व रूपें हीं सर्व होमर आणि हीसिअड ह्या दोन कवींनीं दिलीं; आणि हे कवि त्याच्या मतें त्याच्यापूर्वीं फार तर चारशें वर्षें होऊन गेले. देव त्याहून पुष्कळ जुने आहेत. मायकेल व्हेंट्रिस ह्या तरुण इंग्रज वास्तुशिल्पज्ञानें १९५२ सालीं ‘लिनिअर बी’ ही लिपि उलगडली, आणि क्रीट बेटांत व पायलॉस येथें सांपडलेल्या मातीच्या पाट्या बोलूं लागल्या. त्या पाट्यांत काव्य नाहीं, कथा नाहीं. राजवाड्यांतील कारकुनांचे ते हिशेब आहेत. अमक्या देवाला इतकें तेल, तमक्याला इतका मध. पायलॉसचा राजवाडा इ.स.पू. १२०० च्या सुमारास जळाला. त्याच्या हिशेबांत झ्यूस आहे, हेरा आहे, हर्मीस आहे, आणि पोसायडनचा मान सर्वांत मोठा दिसतो. डायोनिसस हा बाहेरून फार उशिरां आलेला देव, असें पूर्वीं मोठमोठे पंडित छातीठोकपणें सांगत. त्याचेंहि नांव ह्या पाट्यांवर निघालें. झ्यूस हें नांव आपल्या वेदांतील ‘द्यौस्’ ह्या शब्दाचें सख्खें भावंड आहे, हें संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेल. परंतु आपला द्यौस् वेदांतच मागें पडला आणि त्यांचा झ्यूस राजा झाला. नांवाच्या व्युत्पत्तीवरून देवाचें काम ओळखूं जाणें किती फसवें आहे, हें एवढ्यावरून ध्यानांत यावें.

बारा हा आंकडाहि असाच आहे. अथेन्सच्या चौकांत इ.स.पू. सहाव्या शतकांत बारा देवांची वेदी उभी राहिली हें खरें; पण हे बारा कोण, ह्याविषयीं गांवोगांव एकवाक्यता नव्हती. पार्थेनॉनच्या शिल्पपट्टींत बारांमध्यें डायोनिसस बसला आहे व हेस्टिया नाहीं. ऑलिंपिया येथें दोन दोन देवतांच्या सहा वेद्या होत्या. त्यांत झ्यूसचे आईबाप क्रोनस व रीया होते, आणि आल्फीअस ही तेथील नदीहि होती. ग्रीकांच्या कल्पनेंत ही नदी म्हणजे पुरुषदेवता, एवढें जातां जातां सांगतों. हेस्टियानें आपण होऊन डायोनिससला आपलें आसन दिलें, अशी एक गोड गोष्ट मुलांच्या पुस्तकांतून आढळते. ती कोणत्याहि प्राचीन ग्रंथांत नाहीं. तक्ता बारांचाच राहावा म्हणून अलीकडे कोणीतरी ती रचली.

आतां एक खरी घडलेली हकीकत सांगतों. माझ्या म्हणण्याचा सारा भार तिच्यावरच आहे. झेनोफन हा अथेन्सचा तरुण, सॉक्रेटिसाच्या परिचयांतला. इ.स.पू. ४०१ मध्यें इराणच्या राजपुत्राच्या फौजेंत सामील होण्यापूर्वीं तो डेल्फायला अपोलोचा कौल घेण्यास गेला. ‘जाऊं कीं नको’ असें त्यानें विचारलें नाहीं. ‘प्रवास सुखरूप होऊन परत येण्यासाठीं कोणकोणत्या देवांस बळि देऊं’ असें विचारलें, आणि कौल मिळाला त्याप्रमाणें सर्व केलें. सॉक्रेटिसानें त्याला मागाहून दोष दिला कीं, जो प्रश्न आधीं विचारावयाचा तो तूं गिळलास. (परीक्षेंत सोपा प्रश्न आधीं सोडविणारे विद्यार्थी येथें झेनोफनला समजून घेतील.) पुढें दोन वर्षें तो फौजेबरोबर हिंडला, वाटेंत ‘झ्यूस राजा’ ह्या नांवानें झ्यूसला बळि देत राहिला, आणि इ.स.पू. ३९९ मध्यें लॅम्प्सकस ह्या गांवीं येऊन पोंचला तो अगदीं कफल्लक. आपला आवडता घोडा त्याला तेथें विकावा लागला. तेथें युक्लिडीझ नांवाचा त्याच्या घरोब्याचा भविष्यवादी भेटला. एवढ्या मोहिमेवरून आलेला मनुष्य निर्धन आहे हें प्रथम त्याला खरेंच वाटेना. मग झेनोफननें अपोलोला बळि दिला तेव्हां शकुन पाहून त्याची खात्री पटली, आणि तो म्हणाला कीं, तुला ‘झ्यूस मेलिखिओस’ आडवा येत आहे. तुमच्या घरीं मी त्याच्यासाठीं करीत असें तसा बळि तूं घर सोडल्यापासून कधीं दिलास काय? झेनोफननें दिला नव्हता. दुसऱ्याच दिवशीं त्यानें आपल्या घरच्या रीतीप्रमाणें डुकरें संपूर्ण जाळून अर्पण केलीं. त्याच दिवशीं फौजेचा पगार घेऊन दोन अधिकारी आले, आणि त्यांनीं त्याचा तो विकलेला घोडा सोडवून आणून, किंमत न घेतां, त्याच्या स्वाधीन केला.

ह्या गोष्टींत चमत्कार किती आणि योगायोग किती, हा वाद मी येथें काढीत नाहीं. झेनोफन हा भोळा मनुष्य नव्हता. तो सेनापति होता, आणि ही हकीकत त्यानें स्वतःच लिहिली आहे. माझें लक्ष दुसरीकडे आहे. ज्या झ्यूसला तो दोन वर्षें भजत होता तोच झ्यूस दुसऱ्या नांवानें रुष्ट होता! ‘मेलिखिओस’ म्हणजे गोड बोलून शांत करावा लागणारा. पायरीअस बंदरांत सांपडलेल्या दगडी पाट्यांवर हा झ्यूस कोरला आहे तो दाढीवाला राजा म्हणून नव्हे. तो एक प्रचंड वेटोळें घातलेला सर्प आहे, आणि त्याच्यापुढें माणसें हात उंचावून उभीं आहेत. आतां आमच्या तक्त्यांतल्या ‘आकाश व वीज’ ह्या रकान्यांत हा सर्प कोठें बसवावा?

आणि एवढ्यानें भागत नाहीं. अथेन्सच्या घराच्या अंगणांत एक झ्यूस असे, त्याला ‘हर्केइओस’ म्हणजे कुंपणाचा म्हणत. ॲरिस्टॉटलच्या नांवावर असलेला अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथ इजिप्तच्या वाळूंतून मिळाला व १८९१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत लिहिलें आहे कीं, आर्खन ह्या मोठ्या पदावर निवडलेल्या मनुष्यास प्रथम कांहीं प्रश्न विचारीत: तुझे आईबाप कोण, आजे कोण, तुझ्या घराण्याचा अपोलो व तुझ्या अंगणांतला झ्यूस आहे काय व कोठें आहे, पूर्वजांचीं थडगीं कोठें आहेत, आईबापांस तूं नीट वागवितोस काय, कर भरतोस काय, मोहिमांवर गेला होतास काय. म्हणजे अंगणांतला झ्यूस हा त्या मनुष्याच्या नागरिकत्वाचा दाखला होता. घराच्या कोठींत तिसरा झ्यूस असे, ‘क्टेसिओस’, म्हणजे चीजवस्तु राखणारा. त्याची मूर्ति म्हणजे एक झांकणाचें मडकें; त्याच्या कानांस पांढरी लोंकर गुंडाळीत. इ.स.पू. चौथ्या शतकांतील वकील आयसीअस याच्या एका भाषणांत वारसाहक्काचा तंटा आहे. नातू न्यायाधीशांस सांगतात कीं, कोठींतल्या झ्यूसची पूजा आजोबा इतकी जपत कीं परक्यांस किंवा गुलामांस तेथें येऊं देत नसत. त्या पूजेंत मात्र आम्हांस जवळ घेत, आमच्या हातांनीं अर्पण करवीत, आणि आमच्या आरोग्यासाठीं व भरभराटीसाठीं प्रार्थना करीत. तेव्हां आम्ही त्यांच्या मुलीचे खरे पुत्र नव्हे काय? वीज टाकणारा झ्यूस पोरांना ठाऊक असावा, पण एखादा म्हातारा नातवंडांस घेऊन ज्या मडक्यापुढें बसत असे तोहि झ्यूसच होता, हें त्यांस कोण सांगणार?

हेस्टियेचें तर ह्या तक्त्यानें फारच नुकसान केलें आहे. ती चुलीची, अग्निकुंडाची देवता. तिच्या कथा जवळजवळ नाहींतच. म्हणून मुलें तिला पाठ करून विसरतात, आणि कंटाळलेले शिक्षकहि तिच्यावरून लवकर पुढें सरकतात. परंतु ग्रीक घरांत अर्पणाचा पहिला वांटा तिचा. मूल जन्मलें कीं कांहीं दिवसांनीं त्याला त्या कुंडाभोंवतीं फिरवीत, आणि मग तें घरचें होई. नगराच्या सभागृहांतहि तिचा अग्नि असे, व वसाहत करण्यास निघालेले लोक तेथून विस्तव घेऊन समुद्रापार जात. जिच्या कथा कमी तिचें काम कमी, हा नियम कवींच्या जगांत चालेल, घरांत चालत नाहीं. आपापल्या घरांत पहांटे प्रथम कोण उठतें व तिच्याविषयीं किती गोष्टी सांगितल्या जातात, ह्याचा मुलांनीं विचार करून पाहावा.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतों. पोसायडन समुद्राचा खरा. पण तो धरणी हलविणाराहि आहे आणि घोड्यांचाहि आहे. आर्केडियांतील मँटिनीआ हें नगर चहूंकडून डोंगरांनीं वेढलेलें. तेथें समुद्राचा वाराहि पोंचत नाहीं. त्या नगराचा मुख्य देव पोसायडन, ‘हिप्पिओस’ म्हणजे अश्वदेव. स्पार्टाहि समुद्रापासून आंत आहे. इ.स.पू. ४६४ च्या सुमारास तेथें भयंकर भूकंप झाला, आणि स्पार्टाचे लोक मानीत कीं पोसायडनच्या देवळांत आश्रयास आलेल्या दासांना आपण ओढून बाहेर काढून ठार मारिलें त्याचें हें फळ. थ्युसिडिडीझनें ही समजूत नमूद केली आहे. इ.स.पू. ३७३ मध्यें आखाडाच्या तीरावरील हेलिके हें नगर एका रात्रींत भूकंपानें कोसळलें व पाण्याखालीं गेलें. तेंहि पोसायडनचेंच क्षेत्र होतें, आणि लोकांनीं दोष त्याच्याच कोपास दिला. त्या नगराचे अवशेष शोधकांस २००१ सालीं हातीं लागले. ज्या देशाची जमीन वारंवार हादरते तेथल्या नाविकानें आणि शेतकऱ्यानें एकाच देवाची आळवणी करावी, ह्यांत नवल नाहीं. दोघांचेंहि मागणें एकच, कीं पायाखालचें स्थिर असूं दे. ‘आस्फालेइओस’ म्हणजे न डगमगूं देणारा, हेंहि त्याचेंच एक नांव आहे. तेव्हां कोल्हापुरांत मूर्ति आली ती व्यापाऱ्यांबरोबरच; पण ‘जेथें समुद्र नाहीं तेथें पोसायडन कशाला?’ ह्याचें उत्तर मँटिनीआच्या एखाद्या पोरानेंहि हंसतच दिलें असतें.

आर्टेमिसविषयीं तक्ता म्हणतो ‘शिकार’. ती रानांत हिंडणारी कुमारी, धनुष्यबाण घेतलेली. आणि तीच प्रसूतीच्या वेळीं बायकांनीं हांका मारावयाची देवता! अथेन्सपासून थोड्या अंतरावर ब्राउरॉन येथें तिचें देऊळ होतें. लहान लहान मुली तेथें सेवेस राहत. त्यांना ‘अस्वलें’ म्हणत. बायका तेथें आपलीं वस्त्रें वाहत. त्या वस्त्रांच्या याद्या दगडावर कोरलेल्या मिळाल्या आहेत. कोणी काय दिलें, वस्त्र कसलें, त्याचा काठ कसा, हें सारें त्यांत आहे, आणि कांहीं वस्त्रें अर्धवट विणलेलींहि आहेत. युरिपिडीझच्या एका नाटकाच्या शेवटीं असें सांगितलें आहे कीं, ज्या बायका बाळंतपणांत मरतील त्यांचीं वस्त्रें ब्राउरॉन येथें इफिजिनायेला वाहिलीं जातील. शिकारीची देवता बाळंतिणीच्या उशाशीं कां, ह्याचें तर्कशुद्ध उत्तर विद्वान् देतात, तें त्यांस लखलाभ असो. त्या यादींतलें एक एक वस्त्र एका एका घरांतल्या रात्रीची खूण आहे; कोठें ती रात्र सुखरूप सरली असेल, कोठें सरली नसेल. मला वाटतें, जो विद्यार्थी ती यादी एकदां ऐकेल तो आर्टेमिसला पुन्हां केवळ ‘शिकार’ म्हणणार नाहीं.

ह्याच आर्टेमिसला युद्धापूर्वींहि बळि देत. इ.स.पू. ४९० मध्यें मॅरेथॉनच्या लढाईआधीं अथेन्सनें नवस केला कीं, जितके शत्रु पडतील तितक्या शेळ्या अर्पण करूं. हिरॉडोटसच्या मोजणीप्रमाणें शत्रु पडले ६,४००. एवढ्या शेळ्या मिळेनात, म्हणून दरवर्षीं ५०० द्याव्या असें ठरलें. हिशेबानें हा नवस तेरा वर्षांत फिटावयास पाहिजे. पण जवळजवळ नव्वद वर्षांनंतरहि तो चालूच होता असें आपला तोच झेनोफन सांगतो. गणिताच्या तासाला हें उदाहरण घालण्यास हरकत नाहीं.

बाकीच्यांविषयीं थोडक्यांत. अपोलो हा मूळचा सूर्य नव्हे. सूर्य हेलिओस, व ऱ्होड्स बेटांतली ती प्रसिद्ध प्रचंड मूर्ति ह्या हेलिओसची. दोघांची गल्लत पुष्कळ मागाहून झाली. ‘इलियड’च्या आरंभींच अपोलो दिसतो तो सांथीचे बाण सोडणारा, आणि तीच सांथ थांबविणाराहि तोच. आरेसच्या वांट्याला युद्ध आलें, पण देवळें फार थोडीं. नगरें राखण्यासाठीं लोक जात ते अथीनेकडे, आणि मागावर बसलेल्या स्त्रियाहि तिच्याकडेच. हेडीसला कोणी फारसें नांवानेंहि बोलावीत नसे. त्याचें देऊळ सांगितलें जातें तें एलिस येथलें, आणि तेंहि वर्षांतून एकदांच उघडत. उलट अस्क्लेपिओस ह्या वैद्यदेवाचें नांव बारांत नाहीं, म्हणून आमच्या तक्त्यांतहि नाहीं. पण एपिडॉरसच्या त्याच्या देवळांत दूरदूरचे रोगी येऊन झोंपत, आणि इ.स.पू. ४२० मध्यें, मोठ्या सांथीला दहा वर्षेंहि उलटलीं नव्हतीं तोंच, अथेन्सनेंहि त्याला आपल्या गांवांत आणिलें.

कांहीं पालक मला विचारतात कीं, हे देव भांडतात, चोरतात, परस्त्रियांच्या मागें लागतात. अशा कथा मुलांस शिकवाव्याच कशाला? प्रश्न योग्य आहे, आणि तो प्रथम ग्रीकांनींच विचारला आहे. झेनोफनीझ नांवाच्या तत्त्वज्ञ कवीनें इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमारास होमर व हीसिअड यांस ह्याच कारणासाठीं कडक बोल लाविले, आणि प्लेटोनें तर आपल्या आदर्श राज्यांतल्या मुलांपासून त्या कथा दूर ठेवण्यास सांगितलें. माझें म्हणणें एवढेंच कीं, आम्ही कथा ठेवितों आणि पूजा गाळतों, म्हणजे त्या धर्मांतला सर्वांत हलका भाग मुलांच्या हातीं देतों आणि मग त्यालाच हंसतों. परक्याच्या घरीं जाऊन फक्त तेथल्या भांडणाची हकीकत ऐकून यावी, तसें हें आहे. कोणी आपलें घर असें पाहून गेला तर आपल्याला चालेल काय?

आमच्या शाळेंतल्या मुलांस तर ह्याचें आणखी एक कारण आहे. तीं ‘प्रेषितांचीं कृत्यें’ वाचतात. लुस्त्र गांवच्या लोकांनीं बर्णबाला झ्यूस व पौलाला हर्मीस म्हटलें, कारण बोलण्याचें काम पौल करीत होता; आणि झ्यूसचा पुजारी बैल व माळा घेऊन आला. तक्ता पाठ असलेलें मूल येथें ‘हर्मीस म्हणजे दूत’ असें मनांत म्हणून पुढें जातें. इफिस येथें रुप्याचे देव्हारे करणारे कारागीर जिच्यासाठीं दंगल करितात ती आर्टेमिस शिकारीण समजून वाचलें तर सारा प्रसंग अनाकलनीय होतो. ती त्या नगराची माता व रक्षणकर्ती होती, आणि तिची मूर्तिहि धनुष्यवाली नव्हती. आणि अथेन्समधील ‘अज्ञात देवाची’ ती वेदी? पुष्कळांस ती नुसती विचित्र वाटते. पॉसेनिअस ह्या प्रवाशानेंहि फॅलेरम येथें अज्ञात देवांच्या वेद्या पाहिल्याचें लिहिलें आहे. मला ती वेदी पाहून लॅम्प्सकसच्या रस्त्यावरचा कफल्लक झेनोफन आठवतो. सर्वांस दिलें, आणि तरी कोणी एक राहिला असेल तर? ही धास्ती ज्याच्या ध्यानांत आली, त्याला पौलानें अथेन्सकरांशीं बोलण्यास आरंभ त्या वेदीपासूनच कां केला, हेंहि कळेल.

नव्या मुलांस आरंभीं कांहींतरी सोपें हवें, म्हणून तक्ता असूं द्यावा, असें माझे एक स्नेही म्हणतात. असूं द्यावा; मी फळा पुसण्याच्या विरुद्ध नाहीं आणि लिहिण्याच्याहि विरुद्ध नाहीं. पण तक्त्यावर प्रश्न विचारून धडा संपवूं नये, इतकेंच. ह्या वर्षीं सहामाहीला मीं जोड्या लावण्याचा जुना प्रश्न काढून टाकला आणि त्याऐवजीं असें विचारलें: इ.स.पू. चौथ्या शतकांतील अथेन्सचा एक व्यापारी धान्य आणण्यासाठीं काळ्या समुद्राकडे निघाला आहे. निघण्यापूर्वीं त्यानें कोणाकोणाची प्रार्थना केली असेल, व कां?

उत्तरें एकसारखीं आलीं नाहींत, त्यामुळें तपासण्यास दुप्पट वेळ लागला. कोणी पोसायडनवरच थांबले. त्या कोल्हापूरच्या मुलानें पोसायडनला ‘न डगमगूं देणारा’ ह्या नांवानें हांक मारविली, आणि घाटावर चढतांनाहि तो उपयोगी पडेल असें पुढें जोडलें. एका मुलीनें व्यापाऱ्याला प्रथम चुलीपाशीं उभें केलें, मग कोठींतल्या मडक्यापाशीं, मग दाराबाहेरच्या हर्मीसपाशीं, आणि शेवटीं बंदरावर नेलें. खालीं आणखी एक ओळ लिहून तिनें खोडली होती. ती अशी कीं, त्याची बायको गरोदर असेल तर ती ब्राउरॉनच्या वाटेला लागली असेल. समासांत बारीक अक्षरांत लिहिलें होतें, ‘प्रश्न फक्त व्यापाऱ्याविषयीं आहे.’ खोडलेल्या ओळीचेहि गुण मीं दिले.